मेंदूतील गाठ, उपचार आणि ख्रिस्ती दांपत्याची श्रद्धा : खारघरच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

शरीराच्या इतर कोणत्याही अवयवात गाठ निर्माण झाली, तर रुग्ण आपल्या मनाच्या बळावर त्या आजाराला सामोरा जातो. मेंदूतील गाठीच्या बाबतीत मात्र ज्या मनाने सामोरे जायचे, त्या मनाचे अधिष्ठानच बाधित झालेले असते. विचार, स्मृती, वाणी, स्वभाव आणि भावना यांच्या केंद्रालाच धक्का बसलेला असतो. श्रद्धाळू माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, ज्या अवयवाच्या साहाय्याने तो प्रार्थना करतो तोच अवयव आजारी पडलेला असतो. अशा प्रसंगी श्रद्धेचे काय होते, आणि रुग्ण विवाहित असल्यास ती श्रद्धा दोघांपैकी नेमकी कोणाजवळ राहते, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच धर्मशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्याही कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात ख्रिस्ती दांपत्यजीवनाच्या अनुषंगाने या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी प्रकाशित वैद्यकीय संशोधन, बायबलमधील संबंधित स्थळे आणि सार्वजनिक नोंद असलेले एक अमेरिकन उदाहरण यांचा आधार घेतला आहे.

खारघर : उपचारकेंद्राची पार्श्वभूमी

पनवेल तालुक्यातील खारघर हे सिडकोने वसविलेले उपनगर सन २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. देशभरातील कर्करुग्णांना मात्र ते टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' या संस्थेमुळे परिचित आहे. या संस्थेचे मूळ एका दांपत्याच्या कथेत आहे, हे येथे आवर्जून नोंदविण्यासारखे आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांचे सन १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले आणि पुढील वर्षी दोराबजीही निवर्तले. त्यांच्या पश्चात विश्वस्तांनी दि. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू केले. सन १९६२ मध्ये त्याचे प्रशासन अणुऊर्जा विभागाकडे आले, तर सन २००२ मध्ये कर्करोग संशोधन संस्था खारघरच्या विस्तीर्ण आवारात स्थलांतरित झाली. दोराबजी आणि मेहरबाई पारशी होते. त्यामुळे त्यांच्या कथेचा प्रस्तुत विषयाशी थेट संबंध नाही. तरीही पत्नीच्या आजारातून पतीच्या मनात उपजलेले दुःख संस्थारूपाने कसे टिकून राहते, याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच आढळेल.

वसई परिसरातील कॅथलिक समाज असो, किंवा अहिल्यानगर, जालना, मिरज या भागांतील प्रॉटेस्टंट समाज असो, महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांनाही अशा उपचारांसाठी परळ आणि खारघर यांचाच रस्ता धरावा लागतो. खेडेगावातून आलेल्या दांपत्याला सहा-सात आठवड्यांसाठी गाव, शेती किंवा नोकरी, मुले आणि आपली मंडळी यांच्यापासून दूर, भाड्याच्या खोलीत किंवा धर्मशाळेत राहावे लागते. श्रद्धेची पहिली परीक्षा बहुधा येथेच होते. ज्या उपासनामंडळात ती श्रद्धा वाढली ते मंडळच जवळ नसते.

उपचारांचे स्वरूप

आजाराची सुरुवात अनेकदा अकस्मात होते. आयुष्यात कधीही फेफरे न आलेल्या प्रौढ माणसाला एके दिवशी झटका येतो. कधी पहाटेची डोकेदुखी व उलट्या होतात, कधी बोलताना शब्द सापडेनासे होतात, तर कधी हाताची पकड सैल पडते. एमआरआय तपासणीत गाठ दिसल्यावर शक्य असेल तेथे शस्त्रक्रियेने ती काढली जाते. गाठ वाणीच्या केंद्राजवळ असल्यास शस्त्रक्रियेच्या काही टप्प्यात रुग्णाला जागे ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत गाठ काढण्याची पद्धतही आहे. काढलेल्या ऊतीच्या तपासणीवरून गाठीचा प्रकार व श्रेणी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सन २०२१ च्या वर्गीकरणानुसार आता केवळ सूक्ष्मदर्शकाखालील रूप पुरेसे मानले जात नाही, पेशींतील जनुकीय बदलही पाहावे लागतात. हे समजून घेणे नातेवाइकांसाठी महत्त्वाचे आहे. 'ब्रेन ट्यूमर' या एकाच नावाखाली शस्त्रक्रियेनंतर पुन्हा न उद्भवणाऱ्या सौम्य गाठीही येतात, वर्षानुवर्षे संथ वाढणाऱ्या गाठीही येतात आणि अत्यंत आक्रमक अशा ग्लायोब्लास्टोमाचाही समावेश होतो. एका घरातील अनुभव दुसऱ्या घराला लागू पडत नाही तो यामुळेच.

ग्लायोब्लास्टोमासाठी आजही पायाभूत मानली जाणारी उपचारपद्धती सन २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून रूढ झाली. रॉजर स्टुप व सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवर केलेल्या या अभ्यासात किरणोपचारांना टेमोझोलोमाइड या गोळीची जोड दिल्यावर रुग्णांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले, आणि दोन वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर पोचले. यांपैकी पहिल्या आकड्याने माणूस खचतो, तर दुसऱ्याने त्याला धीर येतो. दोन्ही आकडे एकाच अभ्यासातील आहेत. डॉक्टरांसमोर बसलेल्या दांपत्यापैकी एकाला बहुधा पहिला आकडा ऐकू येतो आणि दुसऱ्याला दुसरा.

किरणोपचार साधारणतः आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा आठवडे, सुमारे तीस बैठकांत दिले जातात. प्रत्येक वेळी चेहऱ्याच्या मापाने घडविलेला जाळीदार मास्क चढवून डोके टेबलाला घट्ट जखडले जाते. ही काही मिनिटे रुग्ण खोलीत एकटाच असतो आणि जोडीदार दाराबाहेर बसलेला असतो. मोठ्या शस्त्रक्रियेच्या दिवशी सारे गणगोत रुग्णालयात जमते, परंतु तिसाव्या बैठकीला सोबत फक्त पती किंवा पत्नीच असते. श्रद्धेविषयीच्या लेखनात शस्त्रक्रियेच्या दिवसाला जे स्थान मिळते ते या मधल्या कंटाळवाण्या, थकवणाऱ्या आठवड्यांना मिळत नाही. वस्तुतः दांपत्याचा खरा कस याच काळात लागतो.

प्रार्थना करणारा अवयवच आजारी असताना

मेंदूच्या पुढील भागातील गाठीमुळे रुग्णाच्या स्वभावात बदल होऊ शकतो. एखादा रुग्ण उदासीन होतो, पुढाकार घेईनासा होतो, तर एखाद्याच्या तोंडी पूर्वी कधी न आलेले अपशब्द येतात. मेंदूवरील सूज उतरविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनमुळे झोप उडते, भूक वाढते, चेहरा सुजतो आणि मन चिडचिडे होते. फेफरे रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासेटाममुळेही काही रुग्णांत चिडचिड वाढलेली दिसते. किरणोपचारांनंतरची ग्लानी कित्येक आठवडे टिकू शकते. ज्या घरात रोज सायंकाळी कुटुंबप्रमुख बायबल वाचून प्रार्थना चालवीत असे, त्या घरात तो आता भिंतीकडे पाहत बसून राहतो.

धार्मिक कुटुंबात याचा अर्थ चुकीचा लावला जाण्याचा धोका मोठा असतो. 'याचा विश्वास ढळला', 'देवाकडे पाठ फिरवली', असे निष्कर्ष नातेवाईक काढतात, आणि क्वचित रुग्ण स्वतःही काढतो. पत्नीला वाटते, नवरा बदलला. प्रत्यक्षात बदल गाठीमुळे, सुजेमुळे किंवा औषधामुळे झालेला असतो. त्यातील काही भाग औषधाची मात्रा कमी केल्यावर ओसरतोही. ही माहिती रुग्णाच्या जोडीदाराला वेळीच मिळणे हे कोणत्याही धर्मोपदेशाइतकेच मोलाचे आहे.

ख्रिस्ती परंपरेत या अवस्थेवर प्रकाश टाकणारे एक स्थळ मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटतात आणि त्याला खाटेसह खाली सोडतात. तेथे येशू रुग्णाची नव्हे, तर 'त्यांची', म्हणजे वाहून आणणाऱ्यांसह सर्वांची श्रद्धा पाहतो, असे वर्णन आहे. रुग्ण स्वतः काही बोलल्याची नोंद नाही. एका माणसाची श्रद्धा काही काळ दुसऱ्याने वाहून नेता येते, ही कल्पना या प्रसंगात अंतर्भूत आहे. मेंदूच्या रुग्णाच्या जोडीदाराला यापेक्षा अधिक उपयुक्त धर्मशास्त्र देता येईल असे वाटत नाही. विवाहसमयी दुखण्यात आणि आरोग्यात साथ देण्याचे जे वचन ख्रिस्ती वधूवर परस्परांना देतात, त्याचाही अर्थ येथे अधिक खोल होतो. त्या वचनात जोडीदाराचे पथ्यपाणी तर येतेच, शिवाय त्याची प्रार्थनाही त्याच्या वतीने चालू ठेवणे येते.

हे वचन सर्वत्र पाळले जाते असे समजण्याचे मात्र कारण नाही. मायकेल ग्लांट्झ व सहकाऱ्यांनी सन २००९ मध्ये अमेरिकेतील ५१५ विवाहित रुग्णांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेंदूच्या गाठीचे अनेक रुग्ण होते. रुग्ण पुरुष असताना विभक्त होण्याचे किंवा घटस्फोटाचे प्रमाण २.९ टक्के, तर रुग्ण स्त्री असताना ते २०.८ टक्के आढळले. अमेरिकन कुटुंबांचे हे आकडे महाराष्ट्राला जसेच्या तसे लावणे अयोग्य ठरेल. तथापि, पती आजारी असताना पत्नी सावलीसारखी सोबत राहते आणि पत्नी आजारी असताना तिच्या सोबतीला आई किंवा बहीण येते, हे दृश्य आपल्याकडेही अपरिचित नाही. दांपत्याच्या श्रद्धेविषयी बोलताना ही विषमता झाकून चालणार नाही.

प्रार्थना, संस्कार आणि चमत्काराची अपेक्षा

आजाऱ्यासाठी मंडळीतील वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असा उपदेश याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. कॅथलिक परंपरेत या कृतीला संस्काराचे स्थान आहे. दीर्घकाळ तो मरणासन्न माणसाचा अंतिम संस्कार समजला जाई. त्यामुळे धर्मगुरू तेल घेऊन आले की घरातील माणसे धसका घेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, सन १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी या संस्काराचा विधी नव्याने निश्चित केला आणि गंभीर आजाराच्या वा मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळीही तो दिला जाऊ लागला. पुढे पोप दुसरे जॉन पॉल यांनी सन १९९२ मध्ये ११ फेब्रुवारी हा जागतिक रुग्णदिन म्हणून घोषित केला. वांद्र्याच्या माउंट मेरी येथे मेणाचे हात, पाय, डोके अर्पण करण्याची लोकप्रथा तर धर्माच्या सीमाही ओलांडून गेलेली आहे. तेथे मेणाचे मस्तक वाहणाऱ्या बाईच्या मनात एमआरआयचा अहवाल असू शकतो, आणि ती हिंदूही असू शकते.

प्रार्थनेचा वैद्यकीय परिणाम मोजण्याचे प्रयत्न झालेले आहेत. हर्बर्ट बेन्सन व सहकाऱ्यांनी हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर केलेला अभ्यास सन २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही हे ठाऊक नसलेल्या दोन गटांत गुंतागुंतीचे प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. प्रार्थना होत असल्याचे निश्चित ठाऊक असलेल्या गटात ते ५९ टक्के आढळले. प्रार्थनेने गाठ विरघळते असे सांगणाऱ्यांना या अभ्यासातून कोणताही आधार मिळत नाही. मात्र त्यातील प्रार्थना अनोळखी मंडळींनी दुरून केलेली होती, हेही ध्यानात घ्यावे लागते. रात्री दोन वाजता झोप न येणाऱ्या नवऱ्याचा हात धरून पत्नी जी प्रार्थना म्हणते, ती अशा मोजणीच्या कक्षेत आलेलीच नाही, आणि तिला तसल्या प्रमाणपत्राची गरजही नाही.

धार्मिक मानसशास्त्राचे अभ्यासक केनेथ पार्गामेंट यांनी संकटकाळातील श्रद्धेच्या दोन वळणांत भेद केला आहे. एका वळणावर माणूस देवाला सोबती मानतो आणि आधार शोधतो. दुसऱ्या वळणावर आजार ही शिक्षा आहे, देवाने टाकले आहे, अशी भावना बळावते. बायबलमध्ये ईयोबाचे मित्र त्याला दुसऱ्या वळणाकडेच ढकलतात आणि ग्रंथाच्या अखेरीस देवाकडून त्यांचीच कानउघाडणी होते. घरी भेटीला येऊन 'काही पाप राहून गेले असेल' असे सुचविणाऱ्या हितचिंतकांची परंपरा पुष्कळ जुनी आहे. पहिले वळणही सर्वस्वी निर्धोक नाही. अँड्रिया फेल्प्स व सहकाऱ्यांच्या सन २००९ मधील अभ्यासात, प्रगत कर्करोगाच्या ३४५ रुग्णांपैकी श्रद्धेचा अधिक आधार घेणाऱ्यांत अखेरच्या आठवड्यात कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवले जाण्याचे प्रमाण ११.३ टक्के, तर इतरांत ३.६ टक्के आढळले. चमत्काराची वाट पाहता पाहता शांत मृत्यूची तयारी राहून जाते, असा एक अर्थ यातून निघू शकतो. गेथशेमाने बागेतील येशूची प्रार्थना मागणी आणि स्वीकार या दोहोंना एकाच वाक्यात जागा देते. पौलाने शरीरातील काट्यासाठी तीनदा विनविले, तरी तो काटा निघाला नाही. हे प्रसंग उपदेशात अधिक वेळा यावयास हवेत.

उपचार सोडून केवळ हात ठेवून बरे करण्याचे आश्वासन देणारे लोक सर्वच धर्मांत आहेत. कर्करोग व मेंदूचे विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना सन १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. परंतु तोंडी आश्वासनांपर्यंत कायदा सहसा पोचत नाही. तेथे दोघांपैकी एकाने ठाम राहावे लागते.

एक नोंदलेले उदाहरण

अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलसजवळच्या एका मोठ्या चर्चचे पाळक मॅट चँडलर यांना सन २००९ च्या नोव्हेंबरमध्ये, 'थँक्सगिव्हिंग'च्या सणादिवशी घरातच झटका आला. तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते आणि घरी पत्नी लॉरेन व तीन लहान मुले होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रियेने मेंदूच्या उजव्या पुढील भागातील गाठ काढण्यात आली. ती कर्करोगाची, तिसऱ्या श्रेणीची निघाली. दोन ते तीन वर्षांचा काळ हाती आहे, असा अंदाज त्यांना सांगण्यात आला. त्यांनी किरणोपचार व केमोथेरपी पूर्ण घेतली आणि उपचार चालू असतानाच उपदेश देणेही सुरू ठेवले. त्यांचा अंदाजित काळ केव्हाच मागे पडला आहे. या उदाहरणाकडे चमत्कार म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट वेगळी आहे. या दांपत्याने प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत निवड करण्याचा प्रश्नच उपस्थित केला नाही. शिवाय पाळकाचा आजार हा सार्वजनिक असतो. त्याच्या पत्नीला आपली भीती घराबाहेर दाखवायला जागा उरत नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरेत दांपत्याच्या श्रद्धेचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी सन १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षांनी. त्या काळातील दुरावा, राग आणि पुन्हा जवळ येणे हे सर्व त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले आहे. त्यात मेंदूच्या आजाराचा संबंध नाही, परंतु पती आणि पत्नी यांची श्रद्धा एकाच गतीने चालत नसते हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही सर्वेक्षणातून होणार नाही. रुग्णालयात एकाला देवाची जवळीक वाटत असताना दुसऱ्याला संताप येत असेल, तर ते विवाहाच्या अपयशाचे लक्षण मानू नये.

पुनर्वसन : बरे होणे म्हणजे काय?

उपचार संपल्यावर नातेवाईक 'आता सुटलात' म्हणतात. दांपत्याला मात्र दर दोन-तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी स्कॅनच्या रांगेत उभे राहावे लागते. त्या आधीच्या आठवड्यात घरात कोणी फारसे बोलत नाही. स्मृती, एकाग्रता आणि निर्णयशक्ती यांत उणेपणा राहू शकतो. फेफऱ्यांच्या भीतीने वाहन चालविणे बंद होते. घरखर्चाचे हिशेब, बँकेचे व्यवहार पत्नीकडे येतात, आणि हातून अधिकार गेलेला पती कृतज्ञ होण्याऐवजी रुसतो.

मेंदूचे निरोगी भाग वाचवून किरणोपचार देण्याच्या दिशेने टाटा स्मारक केंद्राने महत्त्वाचे काम केले आहे. डॉ. राकेश जलाली व सहकाऱ्यांनी सन २००१ ते २०१२ या काळात सौम्य व मंद गतीच्या गाठी असलेल्या २०० बालक-तरुण रुग्णांवर केलेला तुलनात्मक अभ्यास सन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठीच्या आकाराबरहुकूम नेमका मारा केल्यास पाच वर्षांनंतर बुद्ध्यंक अधिक चांगला टिकतो आणि संप्रेरकांची हानी कमी होते, असे त्यात दिसून आले. याच दिशेने पुढे जाणारे प्रोटॉन उपचार खारघर येथे सन २०२३ मध्ये सुरू झाले. क्ष-किरण गाठीच्या पलीकडेही जातात. प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर आपली ऊर्जा सोडून थांबतात. अनेक वर्षे जगण्याची शक्यता असलेल्या तरुण रुग्णासाठी हा फरक फार मोठा आहे. वाचलेल्या आयुष्यात त्याला शिकायचे, कमवायचे आणि संसार करायचा असतो.

वाणीच्या संदर्भातील एक निरीक्षण ख्रिस्ती उपासनेच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झाल्याने ज्यांना साधे वाक्य बोलता येत नाही, असे काही रुग्ण ओळखीचे गाणे मात्र शब्दांसह म्हणू शकतात. सन १९७३ च्या सुमारास अमेरिकेत मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स व नॅन्सी हेल्म यांनी याच आधारावर सुरांच्या साहाय्याने वाणी परत मिळविण्याची उपचारपद्धती मांडली. मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत'मधील गीते लहानपणापासून पाठ असतात, आणि टिळकांची भजने तर अनेकांना पुस्तकाविना येतात. पाणी मागण्यासाठी शब्द न सापडणारा माणूस रविवारी मंडळीच्या सुरात सूर मिसळून सबंध कडवे म्हणू शकतो. अशा वेळी शेजारी उभ्या असलेल्या पत्नीने घरीही रोज त्याच चालीवर, सावकाश, हाताने ठेका धरून त्याच्यासोबत गावे. वाणी-उपचारतज्ज्ञ सुचवितात ती पद्धतही याहून फार वेगळी नसते. आधी दोघांनी मिळून म्हणायचे, मग एकाने हळूहळू आवाज कमी करीत थांबायचे आणि दुसऱ्याला पुढे जाऊ द्यायचे.